चिखलीहून निघालेलं चरित्र

मंडळी, आज एक सोपा प्रश्न. महात्मा फुल्यांचं चरित्र सगळ्यात आधी कुठल्या गावातल्या माणसाने लिहिलं असेल? पुणे, असंच तोंडात येतं ना? माझ्याही आलं होतं.

उत्तर आहे चिखली, जिल्हा बुलढाणा. पंढरीनाथ सीताराम पाटील हे तिथले सत्यशोधक कार्यकर्ते. त्यांनी लिहिलेलं जोतीरावांचं चरित्र १९२७ साली चिखलीहूनच प्रसिद्ध झालं. पहिले फुले-चरित्रकार म्हणून ते ओळखले जातात.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. पुणे ते चिखली साडेतीनशे किलोमीटरच्या वर. तेव्हा पुणे मुंबई इलाख्यात, चिखली मध्यप्रांत-वऱ्हाडात आणि मधलं औरंगाबाद, जालना निजामाच्या राज्यात. चिखलीला रेल्वे तर आजही नाही.

आणि काळ कसा होता? १९२५ साली केशवराव जेध्यांनी पुण्याच्या नगरपालिकेत फुल्यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव मांडला. केवढा वाद झाला, आणि प्रस्ताव मंजूर झालाच नाही. जोतीरावांच्या स्वतःच्या शहरात ही गत! दोनच वर्षांनी वऱ्हाडातल्या एका लहान गावातून त्यांचं चरित्र बाहेर पडलं.

इथे जरा हिशोब करू (सवयीचा परिणाम, दुसरं काय). फुले वारले २८ नोव्हेंबर १८९० ला. तेव्हा विशीत असलेला माणूस १९२७ मध्ये ५७ वर्षांचा. म्हणजे त्यांना पाहिलेली, त्यांची भाषणं ऐकलेली माणसं अजून हयात असणार, गाठून विचारता येण्यासारखी. धनंजय कीरांचं इंग्रजी चरित्र आलं १९६४ साली. तोवर तोच माणूस ९४ वर्षांचा झाला असता. मधल्या ३७ वर्षांत किती आठवणी माणसांबरोबरच गेल्या असतील! कागदपत्रं कपाटात थांबतात हो, माणसं थांबत नाहीत.

हे सगळं मला लागतं ते एका घरगुती कारणाने. आमचे आजोबा चिखलीचेच. त्यांचं चरित्र कोणी लिहावं असं काही नव्हतं. घर, शेती, चार मुलांची शिक्षणं. पण आठवडी बाजाराच्या दिवशी ओसरीवर माणसं बसलेली असायची. कोणाचं पत्र वाचून दाखवायचं असायचं, कोणाचा अर्ज लिहायचा असायचा, कुठे भावाभावांत बांधावरून जुंपलेली असायची. आजी चहा करून करून वैतागायची. आजोबा गेले तेव्हा मी बारावीत होतो. अंत्ययात्रेला इतकी माणसं कुठून आली ते मला कळेना. त्यातला एकही माणूस मी कधी गाठला नाही, एकालाही विचारलं नाही की बाबा, तुमचं आणि आजोबांचं काय नातं होतं?

पाटलांनी ज्यांच्यावर लिहिलं ते महात्मा होते, मान्य. पण वेळेत लिहून ठेवणं हे काम मोठ्या माणसासाठीही तेच आणि ओसरीवरच्या माणसासाठीही तेच.

असो. आजोबांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, आता ८९ वर्षांची आहे. ऐकू कमी येतं, पण सालं आणि कापसाचे भाव पाठ आहेत. पुढच्या शनिवारी चिखलीला जातोय. फोन चार्ज करून, वही घेऊन.