दुर्गाबाई खोटे : स्वतःच्या पायावर उभी राहिलेली स्त्री

स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र असावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. जिजाऊमातोश्री, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचले व ऐकले आहे. यंदा मी एका नटीचे चरित्र लिहावयास घेतले आहे. हे वाचून काही भगिनी म्हणतील, सिनेमातल्या बाईपासून आपण काय शिकावयाचे? त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग मत द्यावे.

आपल्याकडे सिनेमा सुरू झाला तेव्हा पडद्यावर बाई मिळत नसे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला. त्यात तारामतीचे काम करावयास एकही स्त्री तयार होईना. अखेर अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने लुगडे नेसून ते काम केले. त्याच वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या मायलेकी प्रथम पडद्यावर आल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई नाटक कंपनीत काम करून मुलीला वाढवीत होत्या. समाज अशा बाईला बरे म्हणत नसे. पण पोट भरण्याचा प्रश्न आला की समाज मदतीला येत नाही, हेही तितकेच खरे.

यानंतर एकोणीस वर्षांनी हीच तारामती पुन्हा पडद्यावर आली. त्या वेळी ते काम केले दुर्गाबाई खोटे यांनी.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवसात, मुंबईच्या लाड घराण्यात झाला. वडील पांडुरंग लाड हे नावाजलेले सॉलिसिटर. घरात नोकरचाकर, कशाची वाण नाही. मुलगी कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात शिकली. ज्या काळात मुलीला चार बुके शिकवली म्हणजे पुष्कळ झाले असे म्हणत, त्या काळातली ही गोष्ट आहे. विश्वनाथ खोटे या इंजिनियर तरुणाशी लग्न झाले. सासरही तोलामोलाचे होते. बकुल आणि हरिन असे दोन मुलगे झाले.

पण दिवस सारखे राहात नाहीत. सासरची सुस्थिती गेली. दुर्गाबाईंना तरुण वयातच वैधव्यही आले. माहेर श्रीमंत होते, तेथे दोन घास मिळाले असते. परंतु मुलांना वाढवावयाचे तर आपल्या कमाईवर, असे त्यांनी मनाशी धरले. मिंधेपणाच्या भाकरीची चव कशी असते, हे ज्या भगिनींवर वेळ आली त्यांना सांगावयास नको.

१९३१ साली मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रात त्यांनी एक लहानसे काम केले. चित्र हलक्या दर्जाचे निघाले. एवढ्या मोठ्या घरची सून असल्या चित्रात उतरली म्हणून लोकांनी नावे ठेवली. आपली एखादी सून अशा वेळी दार लावून घरात बसली असती, आणि तिला दोष तरी कोणी दिला असता?

त्या सुमारास कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी नावारूपास आली होती. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ साली ती काढली होती. 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट त्यांनी हाती घेतला आणि तारामतीच्या भूमिकेसाठी शांतारामबापूंनी दुर्गाबाईंना बोलावले. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. एकाच वेळी मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत चित्रण व्हावयाचे. आजच्यासारखी मागून दुसऱ्याने गाण्याची सोय तेव्हा नव्हती. नटनट्यांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहून स्वतःच गावयाचे आणि स्वतःच बोलावयाचे. १९३२ साली हे चित्र लागले आणि लोकांनी दुर्गाबाईंना डोक्यावर घेतले. काल नावे ठेवणाऱ्यांनीच आज तारामतीसाठी डोळ्यांना पदर लावला. राज्य गेले, नवरा दूर झाला, मूल घेऊन परक्याच्या दारी राबण्याची पाळी आली, तरी मान ताठ ठेवणारी ती राणी होती. असे दुःख स्वतः जाणणाऱ्या बाईने ती रंगविली, म्हणूनच ती लोकांना खरी वाटली असावी.

दुर्गाबाई घरंदाज होत्या, शिकलेल्या होत्या. त्यांच्यामुळे इतर घरच्या मुलींनाही या धंद्याची वाट थोडी मोकळी झाली. पुढे त्या कलकत्त्यास गेल्या. देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' (१९३३) आणि 'सीता' (१९३४) या चित्रांत त्यांनी कामे केली. १९३६ साली प्रभातच्याच 'अमर ज्योती'त त्या सौदामिनी झाल्या. ही सौदामिनी अन्यायाने पेटून उठून समुद्रावर लुटारूंची पुढारी होते. कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या प्रभातच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आपल्या गावाहून पुण्यास जाणाऱ्या किती जणींना ठाऊक असेल, की त्या आवारात मराठी बोलपट लहानाचा मोठा झाला?

त्या काळी नटनट्या एका कंपनीच्या महिन्याच्या पगारावर बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी स्वतःला असे बांधून घेतले नाही. काम पाहून, मोबदला ठरवून त्या निरनिराळ्या कंपन्यांकडे गेल्या. १९३७ साली 'साथी' नावाचे चित्र त्यांनी स्वतः काढले आणि त्याचे दिग्दर्शनही केले. आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' (१९४१) मध्ये आणि 'भरत मिलाप' (१९४२) मध्ये त्यांचे काम गाजले. 'भरत मिलाप'मधली त्यांची कैकेयी प्रेक्षक विसरले नाहीत. रंगभूमीवरही त्या तितक्याच रमल्या. शेक्सपियरच्या नाटकावरून शिरवाडकरांनी लिहिलेल्या 'राजमुकुट'मध्ये १९५४ साली त्या नानासाहेब फाटकांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या.

'मुगल-ए-आझम' (१९६०) टेलिव्हिजनवर पुष्कळ भगिनींनी पाहिला असेल. एकीकडे बादशहा नवरा, दुसरीकडे पोटचा मुलगा, यांच्यामध्ये सापडलेली जोधाबाई म्हणजे आपल्या दुर्गाबाई. बापलेकांच्या भांडणात जी आई मध्ये उभी राहिली आहे, तिला ते दुःख समजावून सांगावे लागत नाही. 'बॉबी' (१९७३) मधली प्रेमळ आजी त्याच. 'बिदाई' (१९७४) मधल्या कामाबद्दल त्यांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. वय झाले म्हणून त्या घरी बसल्या नाहीत. लहान चित्रपट काढण्याचा व्यवसाय त्यांनी चालविला, आणि १९८८ साली दूरदर्शनवर आलेली 'वागले की दुनिया' ही मालिका त्यांच्याच संस्थेची होती.

सरकारने १९६८ साली त्यांना पद्मश्री दिली आणि १९८३ सालचे दादासाहेब फाळके पारितोषिक त्यांना लाभले. फाळक्यांना ज्या भूमिकेसाठी बाई मिळाली नव्हती, ती भूमिका बोलपटात करणाऱ्या बाईलाच त्यांच्या नावाचा मान मिळाला. केवढा हा काळाचा महिमा! 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र त्यांनी मराठीतच लिहिले. २२ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्या निवर्तल्या.

सारे आयुष्य मानाचे गेले, तरी दुःखाने पाठ सोडली नाही. मुलगा हरिन तरुणपणीच गेला. त्याची पत्नी पुढे विजया मेहता या नावाने मोठी दिग्दर्शिका झाली. विजयाबाईंनी पुनर्विवाह केला आणि मराठी रंगभूमीची मोठी सेवा केली. सासू-सून दोघींवर तोच प्रसंग आला आणि दोघींनीही काम सोडले नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या शेजारचे केडगाव सर्वांना माहीत आहे. स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या पंडिता रमाबाईंनी तेथे निराधार स्त्रियांना आसरा दिला आणि छापखाना, विणकाम, शेती अशी कामे शिकविली. आश्रय देऊन त्या थांबल्या नाहीत, त्यांनी हातास काम दिले. दुर्गाबाईंना काम स्वतःच शोधावे लागले. दोघींच्या चरित्रातून मला एकच गोष्ट दिसते. नवरा गेलेल्या बाईला कीव नको असते. तिला काम हवे असते, आणि चारचौघीत बसावयास जागा हवी असते.

काम आपल्या भगिनी करीतच आहेत. उसाच्या फडात, गुऱ्हाळावर, गोठ्यात, शिवणयंत्रावर त्या राबतात, बचत गटाचे हप्ते वेळेवर भरतात. पण संक्रांतीचे हळदीकुंकू आले की त्याच भगिनींना आपण बोलावणे धाडीत नाही. आल्याच तर त्या दाराशी बसतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या चाली बंद केल्या. शासनानेही त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसे करण्यास सांगितले. हेरवाड हे आपल्यासारखेच शेतकऱ्यांचे गाव आहे. जे त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये?

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. येत्या संक्रांतीचे हळदीकुंकू गावातल्या सर्व स्त्रियांचे असावे. बोलावणे घरोघरी जावे, वाण सर्वांच्या हाती सारखे पडावे, आणि कोणालाही कोपऱ्यात बसावे लागू नये. थोरल्या बायकांना हे प्रथम रुचणार नाही, हे मी जाणते. त्यांचा मान राखून, त्यांना समजावून हे करावे. दुर्गाबाईंनाही प्रथम नावेच ठेवली गेली होती. वर्षभरातच त्याच लोकांनी त्यांना तारामती म्हणून हात जोडले.

भगिनींनी वार्षिक सभेत या सूचनेचा विचार करावा, इतके लिहून लेख पुरा करते.