३ एप्रिल १९२४ : स्नायपर रोझा शानिना यांचा जन्म

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत लाल सेनेकडून लढलेल्या रोझा शानिना मूळच्या अर्खांगेल्स्कमधील बालवाडी शिक्षिका. लेनिनग्राडच्या वेढ्यात भाऊ गेला आणि त्यांनी सैन्याची वाट धरली. मॉस्कोजवळ १९४३ मध्ये खास महिलांसाठी स्नायपर प्रशिक्षण शाळा निघाली होती. तिथे दुर्बीण बसवलेली रायफल हाती आली. अंतर अन् वारा जोखणे, दबा धरून तासन्‌तास निश्चल राहणे अंगवळणी पडले. तरीही ५ एप्रिल १९४४ रोजी व्हितेब्स्कजवळ पहिला शत्रुसैनिक टिपल्यावर त्यांचे पाय लटपटले. विसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. पुढे त्यांच्या नावावर ५९ जणांची नोंद झाली. पूर्व प्रशियात जखमी तोफखाना अधिकाऱ्याला वाचवताना झालेल्या जखमांमुळे २८ जानेवारी १९४५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. आघाडीवर लिहिलेली त्यांची रोजनिशी युद्धानंतर प्रसिद्ध झाली.