मॅट्रिकची वाट आणि वाचनालयाचे मेज

आज प्रवेशपरीक्षा म्हटली की वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी शाखेची परीक्षाच डोळ्यांसमोर येते. परंतु १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली, तेव्हा मॅट्रिक हीच प्रवेशपरीक्षा होती. तिच्यावाचून महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडता येत नसे. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असल्याने येथील विद्यार्थ्यांनाही तोच दरवाजा होता. परीक्षेची फी, पुस्तके, परगावचा मुक्काम आणि जेवणखाण एवढ्यांची तोंडमिळवणी ज्याला साधली, तोच तेथवर पोहोचे.

या तोंडमिळवणीचे सर्वांत बोलके उदाहरण निपाणीच्या शेजारच्या कागलचे आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील कागल जहागिरीत नोकरीस होते. १८७९ मध्ये ते निवर्तले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घरचे सारे चालवायचे होते. गोपाळरावांनी हाताने स्वयंपाक केला, तेल वाचवण्यासाठी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, असे चरित्रकार सांगतात. १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले. आता आपणही नोकरी धरावी, हा त्यांचा विचार भाऊ-भावजयींनी मोडून काढला आणि पुढील शिक्षणाची वाट मोकळी केली. गोपाळरावांचे नाव इतिहासात राहिले; त्यांच्यासाठी वह्या मिटणारे गोविंदराव मात्र एखाद्या ओळीपुरते उरले. या सीमाभागातील कित्येक घरांत असे एक गोविंदराव होऊन गेले आहेत.

गरीब विद्यार्थ्याच्या निर्वाहाचे त्या काळचे मार्ग ठरलेले होते. कोणी वार लावून जेवी, कोणी माधुकरी मागे. पुस्तके वरच्या वर्गातील मुलाकडून निम्म्या किमतीत घ्यावयाची, न मिळाल्यास पाने हाताने उतरून काढावयाची. मात्र वाराचे ताट जातीच्या पंक्तीतच वाढले जाई, हे विसरून चालणार नाही. ज्यांना त्या पंक्तीत स्थान नव्हते, त्यांच्यासाठी वसतिगृह हाच आधार होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहू दिली, त्यामागे हीच जाण होती. १९२५ मध्ये निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालू केले.

मॅट्रिक उत्तीर्ण होऊनही खर्च सरत नसे. बेळगावात लिंगराज महाविद्यालय १९३३ मध्ये आणि राणी पार्वतीदेवी महाविद्यालय १९४५ मध्ये निघाले. तत्पूर्वी कोल्हापूर, पुणे, सांगली किंवा धारवाड गाठावे लागे. घराजवळ महाविद्यालय येणे म्हणजे परगावच्या खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल वाचणे होय. तंबाखूच्या वखारीत व विड्या वळण्यात राबणाऱ्या निपाणीकर कुटुंबांना या बचतीचे मोल वेगळे सांगावयास नको.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि पैशाच्या अडचणीत भाषेची अडचण मिसळली. निपाणी म्हैसूर राज्यात गेली. तिला लागूनच असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय मात्र कोल्हापूर जिल्ह्यात उभे राहिले. घर एका राज्यात आणि वर्ग दुसऱ्या राज्यात, असा प्रवास विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी पायी वा सायकलीवर केला. पुढे १९९४ मध्ये कर्नाटकात सामायिक प्रवेशपरीक्षा आली. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला नंतरच्या दोन वर्षांत विज्ञान बहुतांशी इंग्रजीतून आत्मसात करावे लागते आणि शिकवणीची फी त्याच्या घराला पेलत नाही. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी त्या राज्याने आपल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे दार उघडे ठेवले आहे. वैद्यकीय प्रवेशाची अखिल भारतीय परीक्षाही २०१७ पासून मराठीतून देता येते. वाटा वाढल्या, तसे त्यांवरील खर्चही वाढले.

अशा स्थितीत वाचनालयाचे मेज हा नुसता लाकडाचा तुकडा राहत नाही. ज्या घरी एकच खोली आणि एकच दिवा, त्या घरच्या मुलाला येथे शांतता, उजेड आणि न परवडणारे पुस्तक विनाशुल्क मिळते. एकाने वापरलेले पुस्तक दहा जणांना पुरते. प्रश्नपत्रिकांचा जुना गठ्ठा पुढच्या वर्षीच्या मुलाला वाट दाखवतो. वर्गणीदाराची लहानशी वर्गणी आणि देणगीदाराने दिलेले एखादे कपाट यांचे खरे मोल तेथेच कळते.

गोविंदरावांचा त्याग थोर होता. परंतु एका भावाने शिकावे म्हणून दुसऱ्याने शाळा सोडावी, ही समाजाला भूषणावह व्यवस्था नव्हे. जो भार एका अठरा वर्षांच्या मुलाने सात रुपयांत पेलला, तो अनेकांनी मिळून उचलावा, यासाठीच अशा संस्था जन्मास येतात. त्यांच्या शताब्दीचा खरा हिशेब ग्रंथसंख्येबरोबर, किती धाकट्या-थोरल्यांना येथे एकत्र बसून अभ्यास करता आला, यावरूनही मांडावा लागेल.