रोहिणखेडचा मातीतला इतिहास

आपल्या गावाचा इतिहास म्हटला की दोन लढाया आठवतात. १४३७ची बहामनी आणि खानदेशच्या फौजांमधली, आणि सोळाव्या शतकाअखेरची निजामशाहीच्या गादीसाठीची. १५८२ची मशीदही आठवते. दगड टिकतो, म्हणून त्याची नोंद होते.

आपल्या वऱ्हाडातली भुलाबाई मात्र कच्च्या मातीची. भाद्रपद पौर्णिमेला ती भुलोजीसह बसते, महिनाभर पोरी गाणी म्हणतात, खाऊ ओळखतात. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांच्या माखरात तिची पूजा होते आणि मग ती पाण्यात विरघळते. पोळ्याचे मातीचे बैलही असेच. पुस्तकात यांना कुठली जागा मिळणार?

म्हणून मला विदर्भातले कृष्णमूर्ती मिरमिरा मोठे वाटतात. या गांधीवादी माणसाने १९५५मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघ उभा केला. ॲल्युमिनियम, प्लास्टिकपुढे मडकी मागे पडत असताना त्यांनी कुंभारांच्या पिढीजात हातांना ग्लेझची, म्हणजे काचेसारखी झिलई देण्याची विद्या दिली. आज भारतातले किती सिरॅमिक कलाकार लोकपरंपरेतून आकार उचलतात! पण ते आकार जपले कुंभारांनीच.

एक पेच उरतोच. भुलाबाई भट्टीत पक्की केली तर कपाटात शोभेल, पण पुढच्या भादव्यात नवी कोण मागेल? आणि साच्यातली प्लास्टरची मूर्ती आली की कुंभाराचा हातच थांबतो. मूर्ती विरघळो बापडी, हात थांबायला नको.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला गावच्या कुंभारकाकांना बोलवावं, मानधन देऊन, एवढी विनंती. चाकाचा खर्च आपली बॅच करील.