हप्त्याचा हिशोब

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग: घाटावरचा अन् घाटाखालचा. घाटाखाली कपाशीची काळी जमीन. खामगावच्या कापसासाठी इंग्रजांनी १८७० सालीच जलंबहून रेल्वेचा फाटा आणला. आमचं गाव घाटावर, चिखली तालुक्यात. मुरमाड रान, पावसाने डोळे वटारले की संपलं.

१९७२ साली तेच झालं. विहिरी आटल्या, अन् अर्धं गाव सरकारी दुष्काळी कामावर गेलं. माय अन् बाबा पाझर तलावाच्या खोदकामावर होते. रोजाने दोन-तीन रुपये पडत, पण ते हजेरीवर नाही, मापावर. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खुंट तसाच सोडायचा. त्यावरून मिस्त्री खोली मोजायचा. मुरूम लागला की हात तेवढेच चालत, माप मात्र निम्मं भरे. लेकरांना कामावर सुकडी मिळायची, म्हणून आम्हीही मागे जायचो.

पैशाचा मेळ मायच्या हाती. तिला अक्षर येत नव्हतं. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांच्या दोन ओळी असत. वरची कामाच्या दिवसांची, खालची दुकानातून उधार आणलेल्या शेरांची. पैसे हाती आले की तिचा क्रम ठरलेला. "पयले दुकानाचं देनं, मंग मीठ-मिरची, उरलं तं तेल." तेल बहुतेकदा उरायचं नाही.

मजुरी कमी होती हे खरंच. पण घर मोडायचं ते मजुरी उशिरा आल्याने. आठवड्याचे पैसे कधी तीन आठवड्यांनी यायचे; कुठं अडायचे ते मुकादमालाही सांगता येईना. रेशनला मिलो, म्हणजे ती अमेरिकेची लाल ज्वारी, स्वस्त मिळे, पण रोखीने. धान्याची गाडी आली अन् हातात पैसा नसला, की तीच पोटाची सोय उधारीवर, चढ्या भावाने. म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही, त्यालाच ज्वारी महाग. हे गणित भिंतीवर उघडं दिसायचं: वरची ओळ वाढे, अन् खालची तिच्याहून लांब होई.

पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. मुंबईच्या कारकुनाने आमच्या बांधाला हातभार लावला, हे मला आजही नवल वाटतं. २००५ च्या केंद्राच्या कायद्याने तर मजुरी पंधरा दिवसांच्या आत द्यायची असं लिहूनच ठेवलं. मायची उधारी आठव्या दिवशी सुरू व्हायची, ते सोडा.

१९७३ ला पाऊस बरा झाला. ज्वारी घरात आली तेव्हा दुकानाचं देणं फिटलं. धान्य घालायला माय स्वतः गेली, अन् मापटं तिने दुकानदाराच्या हाती दिलं नाही.