पाणी आपल्या जाग्यावर आलंय: पंचगंगेच्या काठावरच्या जंगलाची गोष्ट

हेडफोन लावा, बस पकडली असेल तर खिडकीची जागा धरा. आजचा एपिसोड नदीचा आहे.

कोल्हापुरात पावसाळ्यात दोन आकडे सगळ्यांना पाठ असतात, ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर गेली की धोका पातळी. मॅचचा स्कोअर विचारावा तसं जुलैमध्ये आमच्याकडे विचारतात, ‘किती फूट झालं रं?’

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५५ च्या वर गेला. मी पुण्यात लॅपटॉपसमोर, आणि नदीकाठच्या आमच्या गावातला एकही फोन लागत नव्हता. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुणे-बंगळूर वाहतूक बंद. तिसऱ्या दिवशी आजीचा आवाज ऐकला. शाळेच्या वर्गात मुक्काम होता तिचा. मी विचारलं, ‘आजी, पाणी कुठवर आलंय?’ ती म्हणाली, ‘त्येच्या जाग्यावर आलंय बघ. जागा त्येचीच हुती की.’

तेव्हा मला राग आला होता. घरात कमरेएवढं पाणी, आणि ही नदीची बाजू घेते! पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. नदीची जागा म्हणजे नेमकी कुठली? तिथं पूर्वी काय होतं? ते शोधत गेलो, त्यातून हा एपिसोड झाला.

आधी भूगोल, दोन मिनिटांत. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती, अशा पाच जणी. प्रयाग चिखलीला संगम होतो आणि पुढं पंचगंगा म्हणायचं. ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. गगनबावड्याकडं वर्षाचा पाऊस हजारो मिलिमीटर, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शिरोळात काही शे मिलिमीटर. म्हणजे पाणी पडतं डोंगरात आणि पसरतं सपाटीवर. खाली कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढं जायला वाट मिळत नाही. मग ती आडवी पसरते. हे पसरणं काही अपघात नाही, हजारो वर्षांची तिची सवय आहे. त्याच पसरण्यातून गाळ साचला आणि आपली मळीची काळी रानं झाली. आज ज्या उसावर जिल्हा उभा आहे, तो त्या गाळावर उभा आहे.

जुन्या माणसांना हे कळत असावं. शहरात पंचगंगेच्या काठाला ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातली वस्ती सापडली. ब्रह्मपुरीतलीच समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची रोमन मूर्ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. नक्की जाऊन बघा. पण मला मूर्तीइतकीच जागा इंटरेस्टिंग वाटते. दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करणारी माणसं नदीला चिकटून राहिली, पण टेकाडावर राहिली.

आता नदीच्या उगमाकडं चला. दाजीपूरचं जंगल ही कोल्हापूर संस्थानाची शिकारीची राखीव जागा होती. राजर्षी शाहू महाराजांचा शिकारीचा शौक प्रसिद्ध आहे, कोल्हापूरचे चित्ते तर देशभर गाजलेले. आजच्या नजरेला ते खटकतं. पण शिकारीसाठी का होईना, जंगल राखलं गेलं आणि कुऱ्हाड लांब राहिली.

त्याच खोऱ्यात महाराजांनी दुसरं मोठं काम हाती घेतलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ त्यांनी पाहिले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी भोगावतीवर धरणाचं काम सुरू केलं. लेकीच्या नावानं गाव वसवलं राधानगरी, आणि तलावाला राणीसाहेबांचं नाव, लक्ष्मी तलाव. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा धरण अपुरं होतं. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं.

इंजिनिअर म्हणून मला त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांचं फार कौतुक आहे. ना सेन्सर, ना सर्व्हर, ना बटण. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की त्याच्याच दाबानं दार उघडतं, उतरलं की मिटतं. आमच्या क्षेत्रात इतकी वर्षं विनातक्रार चालणारा कोड कुणी लिहिला असेल तर मला भेटवा, चहा माझ्याकडून.

पण हिशोब पूर्ण मांडायला हवा. धरणाचं पाणी खोऱ्याच्या तळाला भरतं, आणि नदीकाठचं जंगल वाढतं तेही तळालाच. म्हणजे आपल्याला प्यायला आणि शेतीला पाणी मिळालं, त्याच्याखाली काठाचं रानही गेलं. धरण नको होतं असं मी अजिबात म्हणत नाही. त्याची किंमत कुणी दिली, एवढं आठवणीत असू दे.

१९५८ मध्ये दाजीपूर हे गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झालं. महाराष्ट्रातलं पहिलं! १९८५ मध्ये ते वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं, आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत त्याचं नाव आलं. अंजनी, जांभूळ, हिरडा, सात वर्षांनी फुलणारी कारवी, गवा, शेकरू. नदीचं डोकं असं सुरक्षित आहे.

आणि अंग? तिथंच आपली गोची आहे. राधानगरीपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत काठाला जंगल होतं याच्या खुणा आजही सापडतात. एखाद्या म्हसोबाच्या नाहीतर जोतिबाच्या नावानं राहिलेली चार झाडं, घाटाशेजारचा जुना उंबर, ओढ्याच्या तोंडाला करंज आणि वाळुंज, खडकांच्या फटीत शेरणीची झुडपं, चिखलात लव्हाळा. यातल्या कशालाच अभयारण्याचा बोर्ड नाही.

ही झाडं पुरासाठीच घडलेली आहेत. शेरणीच्या फांद्या लवचीक, लोंढा आला की आडव्या होतात, गेला की उठतात. वाळुंज आणि करंजाची मुळं पाण्याखाली राहूनही तग धरतात आणि काठाची माती आवळून ठेवतात. झाडोऱ्यात शिरलेल्या पाण्याचा वेग कमी होतो, त्यामुळं गाळ तिथंच बसतो. उंबराची फळं पाण्यात पडतात, ती मासे खातात. झाडावरची फळं पक्षी आणि वटवाघळं खातात आणि बिया पुढच्या गावाला पोचवतात. खंड्या काठाच्या उभ्या मातीत बीळ करून अंडी घालतो. शेतातलं खत नदीत जायच्या आधी काही प्रमाणात हीच मुळं शोषतात. हा पट्टा गेला की शेताचं पाणी थेट नदीत, आणि मग शिरोळकडं जलपर्णीचा हिरवा गालिचा.

हा पट्टा गेला कसा? एका दिवसात नाही, आणि कुणी एकट्यानं घालवला नाही. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. पावसाळ्यानंतर बरगे टाकायचे, पाणी अडवायचं. बारमाही पाणी मिळालं तसा ऊस अगदी काठापर्यंत गेला, कारण एक सरी वाढली तर तेवढेच टन वाढतात. आमच्या आजोबांनीही काठची करंजं तोडून दोन सऱ्या वाढवल्या होत्या. त्या दोन सऱ्यांवर बाबांची फी भरली गेली, तेव्हा मी कुणाला नावं ठेवू? मग वीटभट्ट्यांनी काठाची माती उचलली. आणि शहराच्या बाजूला आला भराव.

इथं दोन रेषा समजून घ्या, कारण उद्या तुम्हीच प्लॉट घ्यायला जाणार आहात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी पूररेषा, १०० वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. कागदावर नदीची जागा आखलेली आहे. पण बादलीत वीट टाकली की पाणी दुसरीकडून सांडतं. रेषेच्या आत एकानं भराव टाकला, की ते पाणी शेजारच्याच्या दारात जातं.

आता खरं बोलतो. काठाला दाट जंगल असतं तर २०१९ चा महापूर आलाच नसता का? आला असता. माती भिजून तृप्त झाली, धरणं भरली आणि वर पाऊस थांबेनाच, तर कुठलंही जंगल ते पाणी अडवत नाही. २०२१ मध्ये तर पातळी २०१९ पेक्षाही थोडी वर गेली. जंगल काठ धरून ठेवतं, गाळ बसवतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती जागा मोकळी ठेवतं. झाडांच्या जागी पाणी शिरलं तर कुणाचा संसार बुडत नाही.

शेवटचं, घरचं. आमचं नदीकाठला वीस गुंठ्यांचं रान आहे, निळ्या रेषेच्या आत. २०१९ नंतर भराव टाकून घेऊ म्हणून एक पार्टी आली होती. भाव चांगला होता, आणि माझं फ्लॅटचं कर्ज चालू होतं. मीच बाबांना म्हणालो, ‘देऊन टाका.’ आजी एवढंच म्हणाली, ‘त्या पैशात फ्लॅट हुईल बाळा, पण पाणी मग खालच्या आळीत जाईल. त्यास्नी काय सांगणार?’ खालच्या आळीत माझा लहानपणापासूनचा मित्र राहतो. पुरात आजीला खांद्यावरून शाळेत नेणारा तोच.

रान विकलं नाही. काठाच्या दोन सऱ्या मोडल्या आणि तिथं उंबर, करंज, जांभूळ लावलं. २०२१ च्या पुरात निम्मी रोपं गेली. परत लावली. आजी आता नाही, पण करंज माझ्या डोक्याच्या वर गेलाय आणि मागच्या उन्हाळ्यात त्याच्यावर खंड्या बसलेला दिसला. दोन सऱ्यांनी महापूर थांबत नाही, मला माहीत आहे. पण तेवढी जागा नदीची नदीला परत दिली.

तुमच्या गावच्या नदीचं पाणी कुठवर येतं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. ती रेषा नकाशाच्या आधीची आहे.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर काळजी घ्या, आणि ४३ च्या वर गेलं की आधी शेजाऱ्याला फोन लावा.