लायरा : शाळेच्या बँडमधल्या वाद्याची कुळकथा

लायरा हे चालता चालता वाजवायचे, पोलादी पट्ट्यांचे वाद्य. जर्मन लष्करी बँडमध्ये ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले. वर निमुळत्या होत गेलेल्या चौकटीत पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात, खाली लांब आणि वर आखूड. चौकटीचा दांडा कमरेपाशी, गळ्यातल्या पट्ट्याच्या चामडी खोबणीत टेकवायचा, एका हाताने चौकट उभी धरायची आणि दुसऱ्या हातातल्या लहानशा हातोडीने वाजवायचे. बाजूच्या दोन कमानी प्राचीन ग्रीकांच्या लायरा या तंतुवाद्यासारख्या वळलेल्या, म्हणून हे नाव. तार मात्र एकही नाही. जर्मनीत त्याला ल्यूरा म्हणतात, स्पॅनिश मुलखात लिरा. कमानींच्या टोकांना घोड्याच्या केसांचे दोन झुपकेदार गोंडे लोंबतात.

या वाद्याचे मूळ शोधायचे तर ते गोंड्यांपासूनच. उस्मानी तुर्कांच्या फौजेत घोड्याची शेपटी लावलेला दांडा हे अधिकाराचे चिन्ह होते. पाशाचा दर्जा शेपट्यांच्या संख्येवरून ठरे. तीन शेपट्यांचा पाशा म्हणजे वजीर. याच फौजेच्या मेहतर वाद्यवृंदात नगारे, झांजा आणि सनया यांच्याबरोबर घुंगरांची काठीही असे. अठराव्या शतकात हे तुर्की संगीत युरोपच्या दरबारांत शिरले. मोठा ढोल आणि झांजा ही वाद्ये युरोपीय फौजांनी त्यातूनच उचलली. घुंगरांची काठी आणि शेपट्यांचा दांडा यांचा मिळून जर्मनीत एक उंच, चकचकीत मानदंड तयार झाला : शेलेनबाउम, म्हणजे घुंगरांचे झाड. त्यावर चंद्रकोर होती, लहान लहान घंटा होत्या आणि दोन्ही बाजूंना शेपट्या. जर्मन लष्कराचे बँड समारंभात तो आजही पुढे मिरवतात.

पण शेलेनबाउम फक्त छमछमतो. लेझमीसारखा तो ठेका सांभाळतो, सूर त्यातून निघत नाही. सुरेल घंटांची हौस तर जर्मन भाषकांना जुनीच. मोझार्टने १७९१च्या ‘जादूची बासरी’ या ऑपेरात पापागेनोच्या हाती दिलेली घंटावाद्याची पेटी प्रसिद्ध आहे. घंटांच्या जागी पोलादी पट्ट्या आल्या आणि वाद्य चालत्या माणसाला पेलेल इतके आटोपशीर झाले. यामागे एक सुंदर भौतिकी आहे. तार अर्धी केली की स्वर एक सप्तक चढतो. सारख्याच जाडीची पट्टी अर्धी केली की दोन सप्तके. म्हणून हातभर चौकटीतही दोनेक सप्तकांचे स्वर मावतात. पट्टी दोन्ही टोकांपासून साधारण दोन-नवमांश अंतरावर टेकवतात, कारण तिथे ती जवळजवळ हलतच नाही. इतरत्र आवळली तर आवाज बसतो. मोकळ्या रस्त्यावर ढोलांच्या गडगडाटातून बासरीची चाल ऐकू येईनाशी होते, तेव्हा हा धारदार, किणकिणता स्वर ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. वाद्य टिकले ते या गुणावर, दिमाखावर नव्हे.

बराकीतून लायरा गावात आला. जर्मनीतील व्यायाम मंडळे, नेमबाजांची मंडळे आणि अग्निशामक दले यांनी स्वतःची बासरी-ढोल पथके उभारली. अशा पथकाला श्पीलमान्सत्सूग म्हणतात. पुढे काठी उंचावत चालणारा तांबूरमायोर, मागे बासऱ्या, छोटे-मोठे ढोल, झांजा आणि लायरा. या पथकांत शाळकरी मुलेमुली मोठ्यांच्या बरोबरीने शिकतात आणि गावच्या उत्सवात संचलन करतात.

लायरा लॅटिन अमेरिकेतही दिसतो. तिथे प्रशियन लष्करी वळण पोचण्याचा एक मार्ग चिलीतून गेला. एमिल कोर्नर हा जर्मन अधिकारी १८८५ मध्ये चिलीचे सैन्य घडवायला आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी चिलीच्या अधिकाऱ्यांनी एल साल्व्हादोरच्या सैन्याला प्रशिक्षण दिले. ग्वातेमाला, एल साल्व्हादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका हे पाच देश १५ सप्टेंबर हा स्वातंत्र्यदिन पाळतात. १८२१ साली त्या दिवशी ग्वातेमाला शहरात स्पेनपासून मुक्तीची घोषणा झाली. स्वातंत्र्यदिनाच्या शालेय संचलनात लिरा वाजवणाऱ्यांच्या रांगा असतात. बासरीची जागा तिथे बहुतेक लिराने घेतली आहे : चाल तीच धरते, बाकी सारा ढोलांचा आणि कर्ण्यांचा खेळ. शाळांच्या अशा पथकांना पूर्वी युद्धपथक म्हणत. एल साल्व्हादोरमध्ये आता त्यांना ‘बांदा दे पास’, म्हणजे शांतिपथक म्हणतात.

भारतातही शाळांच्या बँडमध्ये हे वाद्य ‘बेल लायरा’ नावाने वाजते आणि बँडच्या वाद्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मेरठमध्ये ते बनते. मुलांना भार होऊ नये म्हणून पट्ट्या आता पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. घोड्याच्या केसांऐवजी गोंडेही कृत्रिम धाग्याचे असतात, पण ते लागतात त्याच जागी, कमानींच्या दोन टोकांना.